मेट्रोच्या पाटीवर दोन-दोन कंपन्यांची नावं का असतात? जॉइंट व्हेंचर आणि रखडलेली कामं

भुयारवाट

बांधकामाच्या प्लॅनिंग विभागात बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ भुयारी मेट्रोच्या साइटवर. नातेवाइकांत, सोसायटीत, गाडीत शेजारी बसलेल्या माणसाकडून एक प्रश्न हमखास येतो. रस्ता अडवून उभ्या असलेल्या पत्र्यांवर दोन-दोन कंपन्यांची नावं कशाला? एकीला जमत नाही का? दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण घेऊ. मुंबई मेट्रो ३: साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. भुयार आणि स्थानकांचं काम सात पॅकेजमध्ये विभागून २०१६ मध्ये दिलं गेलं आणि सातही पॅकेज जॉइंट व्हेंचरकडे (जेव्ही, म्हणजे एका कामापुरती कंपन्यांची भागीदारी) गेली. पॅकेज १ आणि ७ एल अँड टी आणि शांघायच्या एसटीईसीकडे. २ एचसीसी आणि मॉस्को मेट्रोस्ट्रॉयकडे. ३ तुर्कस्तानची डोगुस आणि हैदराबादची सोमा. ४ मध्ये तिघे, तैवानची कॉन्टिनेंटल, आयटीडी सिमेंटेशन आणि टाटा प्रोजेक्ट्स. ५ आणि ६ जे. कुमार आणि चायना रेल्वे टनेल ग्रुप. म्हणजे एकाच भुयारी मार्गावर पाच जेव्ही, आणि प्रत्येकीत एक तरी भागीदार परदेशाशी जोडलेला.

हे असं का होतं? टेंडर भरायचं तर अमुक किलोमीटर भुयार टीबीएमने, म्हणजे भुयार खणणाऱ्या यंत्राने, खणल्याचा अनुभव दाखवावा लागतो, अमुक उलाढाल दाखवावी लागते, अमुक नेटवर्थ. आपल्याकडे मोजक्याच कंपन्यांकडे हे सगळं एकत्र होतं. मग एकाचा अनुभव, दुसऱ्याची उलाढाल, स्थानिक माणसं, परवाने, खडी-सिमेंटवाल्यांशी ओळखी, असं जुळवून पात्रता उभी करतात. यात गैर काही नाही. एक काम जेव्हीत पुरं झालं की भारतीय कंपनीकडे स्वतःच्या हिश्शाचं अनुभवाचं प्रमाणपत्र येतं आणि पुढचं टेंडर ती एकटी भरू शकते. दिल्ली मेट्रोपासून आपल्या कंपन्या भुयारं खणायला अशाच शिकल्या.

जोखीमही वाटली जाते. दोन हजार कोटींच्या कामात मुंबईचा बेसॉल्ट खडक अपेक्षेपेक्षा फुटका निघाला किंवा जुन्या इमारतीला तडा गेला, तर एकट्या कंपनीचा ताळेबंद कोलमडू शकतो.

आता माझं खरं म्हणणं. कागदावर भागीदार दोन असतात, साइटवर बहुतेकदा एकच. दुसरा येतो करार करताना, मशीन उतरताना आणि बिल वाटताना. काम वेळेत होणार की नाही, हे पाटीवरच्या नावांवरून कळत नाही. करार झाल्यावर कोणाची किती माणसं, किती पैसा आणि कोणती मशिनरी तिथे उभी राहिली, यावर ते ठरतं. आणि नेमकं हेच लोकांपुढे कधी येत नाही.

एक अनुभव सांगतो, शहर आणि कंपन्या बाजूला ठेवून. स्थानकाचा खड्डा अठरा मीटर खाली गेला होता. डी-वॉल, म्हणजे खड्ड्याभोवतीची काँक्रीटची भिंत, पूर्ण; तिला आतून आधार देणाऱ्या स्ट्रटचे, म्हणजे पोलादी आडव्या तुळयांचे, दोन थर बसलेले, तिसरा बसवायचा होता. स्ट्रटचं पोलाद यार्डात येऊन पडलेलं, पण फॅब्रिकेटरचे पैसे थकलेले, म्हणून तो जोडायला माणसं देईना. पैसे का थकले? जेव्हीच्या बँक खात्यावर दोन्ही भागीदारांच्या सह्या लागत. परदेशी भागीदाराचा सही करणारा अधिकारी मायदेशी परतला होता आणि त्यांच्या मुख्यालयाचं म्हणणं होतं की आधीच्या तोट्याचा वाटा ठरल्याशिवाय नवा माणूस नेमणार नाही. सात आठवडे तो खड्डा तसाच. पावसाळा तोंडावर. भिंत किती सरकली ते मोजणाऱ्या इन्क्लिनोमीटरचं रीडिंग रोज सकाळी मी स्वतः बघायचो आणि आकडा एक मिलिमीटरने वाढला तरी पोटात गोळा यायचा. बाजूला चार मजली जुनी चाळ होती. त्या चाळीतल्या कोणालाही माहीत नव्हतं की आपल्या भिंतींची सुरक्षितता दुसऱ्या देशातल्या एका सहीवर अडकली आहे.

बाहेर बातमी काय आली? 'काम संथ गतीने.' इतकीच.

गिरगावची_लेक

शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. आम्ही जगन्नाथ शंकरशेठ मार्गाला लागून राहतो. खालून मशीन जात होतं तेव्हा आजी रात्री उठून बसायची. आमच्या इमारतीवर तडे मोजायला काचेच्या पट्ट्या लावल्या होत्या, ते बघायला मुलं यायची, त्यांनी कायम नीट उत्तरं दिली, हे आधी सांगते. पण आम्हाला एक कळायचं नाही. तक्रार करायला गेलो की एक म्हणे हे भुयारवाल्यांचं, दुसरा म्हणे स्थानकवाल्यांचं. हे दोन भागीदारांनी काम वाटून घेतल्यामुळे होतं का?

भुयारवाट

ताई, दोन प्रकार असतात. एकात सगळं सामाईक: माणसं, मशीन, नफा, तोटा एकाच हंडीत. दुसऱ्यात काम वाटून घेतात, भुयार तुझं, स्थानक माझं. आपापला खर्च, आपापला नफा. पहिल्या प्रकारात निर्णयाला वेळ लागतो, पण तक्रारदाराला एकच दार असतं. दुसऱ्यात काम भराभर चालतं, मात्र दोन हद्दी जिथे भेटतात तिथे कोणीच धनी नसतो. भुयार स्थानकात शिरतं तो सांधा, तिथलं वॉटरप्रूफिंग, तिथली गळती. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पत्रव्यवहार या दीड मीटरच्या पट्ट्यावर झाला आहे.

पण बाहेरच्या माणसासाठी कायद्याने फरक पडता कामा नये. करारात 'संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारी' असं कलम असतं. फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९च्या नमुना करारातही ते आहे. म्हणजे मेट्रो महामंडळ कोणत्याही एका भागीदाराला धरून पूर्ण काम, पूर्ण भरपाई मागू शकतं. तुम्हाला टोलवणं चुकीचंच होतं.

हिशेबनीस

काम वाटून घेण्यामागे कराचं कारणही मोठं आहे, ते इथे यायला हवं. सामाईक हंडीची जेव्ही असेल तर आयकर तिला 'असोसिएशन ऑफ पर्सन्स' समजतो, वेगळा पॅन, वेगळं विवरणपत्र. एका भागीदाराच्या दुसऱ्या कामातला तोटा या नफ्यातून वळता होत नाही. म्हणून कंपन्यांना ते नको असतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ७ मार्च २०१६ रोजी परिपत्रक क्र. ७ काढलं. भागीदार आपापल्या कामाला स्वतंत्रपणे जबाबदार असतील, नफा-तोटा आपापला असेल, माणसं आणि माल आपापल्या ताब्यात असेल आणि व्यवस्थापन एकत्रित नसेल, तर ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि बांधकाम एकत्र असलेल्या) कामातल्या अशा गटाला असोसिएशन ऑफ पर्सन्स धरायचं नाही, असं त्यात म्हटलं आहे.

आता बघा, आयकर खात्यापुढे सांगायचं 'आमचं सगळं वेगळं', आणि मेट्रोपुढे सांगायचं 'आम्ही एकजीव'. दोन्ही कायदेशीर आहे. पण साइटवरच्या माणसाने नक्की काय समजायचं?

सांजरंग

+१. फार महत्त्वाचा मुद्दा.

कासवगती

मला सगळं जेव्हीवर ढकलणं पटत नाही. मेट्रो ३चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला, पण त्यात आरे कारशेडचा वाद आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थगिती आली, ती उठायला जुलै २०२२ उजाडला. मध्ये कोविड, मजूर गावी गेले. रेल्वे, पालिका, झाडांच्या परवानग्या वेगळ्याच. उलट भुयारं खणणाऱ्यांनी १७ टीबीएम लावून ४२ वेळा भुयार आरपार नेलं आणि कारशेडचा गुंता सुटल्यावर काही महिन्यांतच, २०२२ संपायच्या आत, खणणं संपवलं. म्हणजे जेव्हींनी आपलं काम केलं असं नाही का म्हणता येणार?

भुयारवाट

म्हणता येईल, आणि म्हणायलाच हवं. मेट्रो ३चा उशीर जेव्हींमुळे झाला असा माझा दावा नाही. काळबादेवी-गिरगावसारख्या ठिकाणी, जिथे वरून खड्डा घ्यायला जागाच नव्हती, तिथे न्याटमने, म्हणजे मोठं यंत्र न लावता टप्प्याटप्प्याने खोदून आधार देत जाण्याच्या पद्धतीने, आतून खोदत स्थानकं उभी राहिली. ज्यांनी ते केलं त्यांच्याविषयी मला आदर आहे.

मात्र पाच वेगवेगळ्या जेव्ही एका मार्गावर असल्या की मार्ग सगळ्यात मागे पडलेल्या पॅकेजच्या वेगाने चालतो. रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नलिंगची कंत्राटं वेगळी, त्यांना सलग भुयार लागतं. मार्ग कसा टप्प्याटप्प्याने उघडला ते आठवा: आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४, तिथून आचार्य अत्रे चौक मे २०२५ आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा तुकडा ऑक्टोबर २०२५. उत्तरेकडचा तुकडा आधी सुरू झाला, पण पूर्ण मार्गासाठी दक्षिणेकडच्या तुकड्याची वाट बघावी लागली.

टेम्सकाठी

लंडनहून. जमिनीखालच्या कामात नाही, पण मोठ्या प्रकल्पांच्या कंत्राटांवर काम करते. 'संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारी' कागदाबाहेर कशी चालते याचं इथलं उदाहरण द्यायला हवं. कॅरिलियन ही बडी बांधकाम कंपनी १५ जानेवारी २०१८ला एका सोमवारी सकाळी दिवाळखोरीत गेली. आदल्याच वर्षी तिने फ्रान्सची एफाज आणि इथली किअर यांच्यासोबत एचएस२ या वेगवान रेल्वेची मोठी कामं घेतली होती. पण काम थांबलं नाही. उरलेल्या दोघांनी तिचा वाटा उचलला, पुढे फेरोव्हियल आणि बॅम हे दोघे सामील झाले.

ॲबरडीनच्या बाह्यवळण रस्त्यातही कॅरिलियन तिसरी भागीदार होती. बाकीच्या दोघी, बॅल्फर बिटी आणि गॅलिफर्ड ट्राय, यांना तिच्या वाट्याचा तोटा सोसावा लागला. गॅलिफर्ड ट्रायला त्यासाठी भागधारकांकडून नव्याने पैसा उभारावा लागला. रस्ता झाला, पण शहाण्या भागीदारांनी बोध घेतला. आता इथे जेव्ही करण्याआधी एकमेकांचे ताळेबंद लग्नाच्या पत्रिकेसारखे तपासतात.

मोनोप्रवासी

मग आपल्या मोनोरेलचं असं का झालं? तिथेही एल अँड टी आणि मलेशियाची स्कोमी होती. एल अँड टी काही बुडाली नव्हती. चेंबूर ते वडाळा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली, पुढचा जेकब सर्कलपर्यंतचा टप्पा मार्च २०१९. मध्ये नोव्हेंबर २०१७ला म्हैसूर कॉलनी स्थानकाजवळ दोन डब्यांना आग लागून दहा महिने सेवा बंद. मी वडाळ्याला कामाला होतो, रोज बस-शेअर रिक्षा करत गेलो.

भुयारवाट

हा प्रश्न धाग्याच्या गाभ्याला हात घालतो.

कॅरिलियन गेली तेव्हा तिचं काम करू शकणारे दुसरे भागीदार शेजारीच होते. माती, खडी, काँक्रीट, पूल. एकाने सोडलं तर दुसरा करतो. मोनोरेलमध्ये तसं नव्हतं. बांधकाम एकाकडे आणि गाड्या व त्यांचं तंत्र दुसऱ्याकडे. स्कोमी आर्थिक अडचणीत आली, गाड्या येणं थांबलं, सुटे भाग मिळेनात. १५ गाड्यांपैकी १०च आल्या. डिसेंबर २०१८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) कंत्राट रद्द करून मोनो स्वतःकडे घेतली. आता सांगा, संयुक्त जबाबदारीच्या कलमाने दुसऱ्या भागीदाराकडून पैसे मागता येतील. पण स्कोमीची गाडी तो कुठून बनवणार? त्या कलमाने भरपाई मिळते, हुन्नर मिळत नाही.

पुढचंही बघा. एमएमआरडीएने नव्या गाड्यांसाठी टेंडर काढलं, दोनच बोलीदार आले, दोन्ही चिनी, आणि जून २०२०च्या गलवाननंतर ते टेंडर रद्द झालं. शेवटी हैदराबादच्या मेधाकडे काम गेलं. एका भागीदाराच्या घसरणीची किंमत प्रवासी दहा-दहा वर्षं मोजतात ती अशी.

म्हणून मेट्रो महामंडळाने करार करतानाच विचारायला हवं: यातला कोणता भागीदार उद्या गेला तर दुसरा त्याचं काम स्वतःच्या हाताने करू शकेल? आणि ज्याचं उत्तर 'नाही' येईल, त्याची रेखाचित्रं, सॉफ्टवेअर, सुट्या भागांचे पुरवठादार, हे सगळं पहिल्या दिवसापासून आपल्या ताब्यात हवं.

मद्रासी_मराठी

चेन्नईत तिसराच प्रकार पाहिला. मी तेव्हा अण्णा सालैच्या जवळ राहायचो. तिथलं भुयार आणि स्थानकं गॅमन आणि मॉसमेट्रोस्ट्रॉय या जेव्हीकडे होती. गॅमन आधीच कर्जाच्या पुनर्रचनेत अडकलेली. काम मंदावत गेलं आणि २०१५च्या सुरुवातीला चेन्नई मेट्रोने कंत्राट रद्द केलं. अर्धी खणलेली स्थानकं, पत्रे, वळवलेली वाहतूक. राहिलेलं काम अफकॉन्स आणि एल अँड टीकडे गेलं. डीएमएस ते वॉशरमनपेट सुरू व्हायला फेब्रुवारी २०१९ उजाडला. पत्र्यांमागच्या दुकानदारांपैकी किती जण टिकले, हे त्या रस्त्यावरून चालताना दिसायचं.

टेम्सकाठी

जेव्हीमुळे काम चांगलं होतं आणि जेव्हीमुळे काम बिघडतं, दोन्ही अर्धसत्यं वाटतात मला. सिंगापूरच्या सर्कल लाइनवर २० एप्रिल २००४ला निकल हायवेशेजारचा खड्डा कोसळला, चार जण गेले. कंत्राटदार जपानी-स्थानिक जेव्ही होती, निशिमात्सु आणि लम चँग. चौकशीत मुख्य ठपका होता स्ट्रट आणि वेलर (भिंतीलगतची आडवी तुळई) यांच्या जोडाच्या डिझाइनवर आणि उपकरणं धोका दाखवत असताना तो गांभीर्याने न घेण्यावर. भागीदारी हे कारण नव्हतं. पण ज्या साइटवर 'काम थांबवा' म्हणण्याचा अधिकार नक्की कोणाचा हे स्पष्ट नसतं, तिथे असा इशारा वर पोचायला वेळ लागतो. भुयारवाट यांच्या साइटवर हा अधिकार कोणाचा होता?

भुयारवाट

कागदावर प्रोजेक्ट डायरेक्टरचा, जो मुख्य भागीदाराचा माणूस. सेफ्टी मॅनेजर दुसऱ्या भागीदाराचा. दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या वेगळ्या, बढत्या वेगळ्या. सेफ्टी मॅनेजरने एकदा रात्रपाळी थांबवली. सकाळी त्याच्या मुख्यालयात फोन गेला की तुमचा माणूस आमचं नुकसान करतोय. पुढच्या महिन्यात त्याची बदली. तो बरोबर होता. मी तेव्हा त्याच्या बाजूने लेखी उभा राहायला हवं होतं, राहिलो नाही. त्याचं दुःख आजही आहे.

पुणेरी_पेठकर

पुण्याची चांगली बाजू. शिवाजीनगर ते स्वारगेट भुयार गुलेरमाक या तुर्की कंपनीने टाटा प्रोजेक्ट्ससोबत केलं. कसबा, मंडई, दाट वस्ती, वाडे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गाडी आली. मुठेच्या खालून गेली तरी आम्हा वरच्यांना फारसं जाणवलं नाही.

एक शंका. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोही टाटा-सीमेन्सची आहे म्हणतात. ती पण अशीच जेव्ही का?

हिशेबनीस

नाही, ती वेगळी जात. तिथे खास त्या मार्गासाठी कंपनी स्थापन केली आहे, ती मार्ग बांधणार आणि चालवणार, बांधणीचा काळ धरून ३५ वर्षं. तिचे मालक भागधारक असतात. मुंबईची मेट्रो १ पण त्याच जातीची, रिलायन्स इन्फ्रा आणि एमएमआरडीए भागधारक असलेली. कंत्राटदारांची जेव्ही काम संपलं, दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, संपला की विरून जाते. ऑफिस बंद, खातं बंद, माणसं पांगली. त्यानंतर तुम्ही दार ठोठावलं तर उघडणारं कोणी नसतं.

तळोजाकर

हिशेबनीस यांच्या शेवटच्या ओळीसाठीच लॉगिन केलं. मी तळोज्याचा. तीन डंपर आणि दोन पाण्याचे टँकर. एका मोठ्या भुयारी कामाला टँकर आणि मक (खणून निघालेली माती-दगड) वाहायला गाड्या लावल्या होत्या. नाव घेत नाही. वर्क ऑर्डरवर दोन कंपन्यांची नावं, मला वाटलं दोन मोठ्या कंपन्या आहेत म्हणजे पैसे दुप्पट सुरक्षित. पहिलं वर्ष बिलं वेळेवर आली. नंतर चाळीस दिवस, नव्वद दिवस. शेवटची पाच बिलं आणि डिपॉझिट अजून बाकी. एकाकडे गेलो तर म्हणतो दुसऱ्याचा हिस्सा आला नाही. दुसऱ्याचं मुंबईतलं ऑफिस बंद. एक डंपर विकून हप्ते भरले, ड्रायव्हर तीन होते, एकच ठेवू शकलो.

वर तुम्ही कोटींचं बोलता ते बरोबरच आहे. पण खाली आमच्यापर्यंत येताना ते भांडण असं येतं.

गिरगावची_लेक

दादा, वाचून फार वाईट वाटलं. यावर काही करता येतं का? कोणी सांगा.

हिशेबनीस

तळोजाकर, नीट वाचा. एक, नुसत्या जेव्हीच्या नावाने नोटीस देऊ नका. जेव्ही आणि दोन्ही भागीदार कंपन्या, तिघांच्या नोंदणीकृत पत्त्यांवर पाठवा. नोंदणीकृत पत्ता कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो, बंद ऑफिसवर अवलंबून राहू नका. दोन, वर्क ऑर्डर, गेटपास, लॉगबुकवरच्या सह्या, टँकरच्या चिठ्ठ्या, जीएसटीची बिलं, सगळं तारखेप्रमाणे लावा. तीन, तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ऑनलाइन अर्ज करता येतो, तो अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जातो. मात्र नोंदणी काम सुरू होण्याच्या आधीची असेल तरच बाजू भक्कम. नंतरची असेल तर अवघड.

भुयारवाट

यात माझी एक भर. मेट्रो महामंडळालाही प्रत पाठवा. कराराने ते तुमचे देणेकरी नाहीत, पण खालच्या पुरवठादारांचे पैसे थकल्याचं पत्र फाइलला लागलं की अंतिम बिल आणि रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) सोडताना प्रश्न विचारला जातो. मी प्लॅनिंगमध्ये असताना अशा दोन पत्रांवर बिल थांबलेलं पाहिलं आहे. आणि मुकादमाने किंवा स्टोअरवाल्याने मोबाइलवर पाठवलेले मेसेज पुसू नका, 'उद्या दोन टँकर जादा पाठव' इतकाही मेसेज पुरावा ठरतो.

लॉगबुकं कोणाकडे आहेत?

तळोजाकर

लॉगबुकं माझ्याकडेच, घरी माळ्यावर. पहिली दोन पावसात भिजली पण सह्या दिसतात. उद्यम नव्हतं तेव्हा, त्याआधीची नोंदणी, उद्योग आधार, होतं, २०१८चं, मग उद्यममध्ये बदललं. पहिला टँकर लागला तो जानेवारी २०२०.

हिशेबनीस

मग तुम्ही आधीचे आहात. जुन्या उद्योग आधारचं प्रमाणपत्र शोधून ठेवा, त्यावरची तारीख उपयोगी पडेल. मसुदा करून देतो, व्यक्तिगत संदेशात वर्क ऑर्डरचं पहिलं आणि शेवटचं पान पाठवा.

तळोजाकर

आज रात्री गाडी भिवंडीला आहे. उद्या दुपारी माळ्यावरून सगळं काढतो आणि पाठवतो.